वाणात दिलेलं घर

हेमाताईंनी त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला स्वतःच्या हातचं वाण लुटायचं ठरवलं, त्याला तळमजल्यावरच्या तुळजाबाईंनी आदल्या वर्षी दिलेली चहाची गाळणी कारणीभूत होती. तिच्या भोकांतून चहाच काय, शेंगदाणेसुद्धा खाली गेले असते. त्याच्या आधीच्या वर्षी कोणीतरी प्लास्टिकचा डबा दिला होता आणि त्याचं झाकण दुसऱ्याच डब्याचं होतं. उभा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये कानाला हेडफोन लावून लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिलेल्या बाईला, निवृत्तीनंतर तरी आपल्या हातून काही कलात्मक घडावं असं वाटलं, तर त्यात गैर काय?

"गैर काहीच नाही," त्यांचे यजमान रंगनाथराव वर्तमानपत्राआडून म्हणाले. "फक्त ते घरात घडवू नकोस."

रंगनाथराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कोणतीही योजना कानावर आली की ती पुढे कुठे गळणार हे ते आधी सांगत.

सून रुपाली मात्र एकदम खूश झाली. ती आणि मुलगा सुदर्शन खराडीला, तिच्या आयटी कंपनीच्या जवळ राहत आणि रविवारी जेवायला नारायण पेठेत येत. "आई, टेराकोटाची कानातली करा! सध्या हॅन्डमेड एकदम इन आहे. पण थीम पाहिजे हं. थीम नसेल तर ती नुसती माती."

थीम भिंतीवरच होती. हेमाताईंचे सासरे नाना शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. त्यांनी नदीच्या पलीकडच्या काठावर छत्री रोवून नारायण पेठेचं एक मोठं जलरंगातलं चित्र काढलं होतं. पुढे ते टीव्हीच्या वर टांगलं गेल्यामुळे त्याच्याकडे कोणी पाहत नसे. त्यात घाटाच्या पायऱ्या होत्या, पिठाची गिरणी होती, तालमीचा निळा दरवाजा, पारावरचा पिंपळ, सायकलचं दुकान, सगळं होतं. फक्त मधोमध, तिळाच्या वडीएवढी जागा कोरी होती. रंगाचा थेंब नव्हता. ती जागा म्हणजे हेमाताई दुसऱ्या मजल्यावर राहत होत्या ती तीन मजली इमारत. पानशेतच्या पुरानंतर, वाहून गेलेल्या घरांच्या जागेवर उभी राहिलेली.

घरात याला 'नानांचा कंटाळा' म्हणत. सगळी पेठ काढली आणि स्वतःचं घर काढायच्या वेळेला मास्तरांना चहाची आठवण झाली. हेमाताईंनी नवी नवरी असताना एकदा धीर करून विचारलं होतं. नाना पुढच्या गॅलरीत आरामखुर्ची सरकवत म्हणाले होते, "राहू दे अपुरं. अपुरं आहे तोवर बरं आहे." आणि मग, नदीवरचा वारा आत येतो म्हणून दिवसातून शंभरदा म्हणत तेच वाक्य, "दार लावून घ्या."

असो. चित्रातली एकेक वस्तू म्हणजे कानातल्याची एकेक जोडी, असं ठरलं. माती कुंभारवाड्यातून आणली, आकडे बोहरी आळीतून. सल्ले इमारतीतच मिळाले. तुळजाबाई म्हणाल्या, मातीत गाईचं दूध घाल. तिसऱ्या मजल्यावरचे आप्पासाहेब, जे सोसायटीचे चेअरमन होते आणि झोपेतही चेअरमनच असत, म्हणाले, "माती जिन्यातून नेताना सांडल्यास झाडून घ्यावी लागेल. दोन्ही वेळा." दोन्ही म्हणजे कोणत्या, हे त्यांनी सांगितलं नाही.

पहिला घाणा तडकला. दुसरा तडकला नाही, पण त्यातल्या सर्व वास्तू शंकरपाळ्यांसारख्या दिसत होत्या.

"हा चिरोटा का?" रंगनाथरावांनी एक उचलून विचारलं.

"ती तालीम आहे."

"अस्सं. पैलवान आत आहेत की तेही चिरोटे?"

यावर हेमाताई दोन दिवस त्यांच्याशी मोजकंच बोलल्या. कलावंताचा घरातल्या घरात जेवढा अपमान होतो, तेवढा बाहेर व्हायला आधी प्रसिद्धी मिळवावी लागते.

भाजण्यासाठी गोवऱ्या मांजरीहून आल्या. रुपालीची आई सुंदराबाई, म्हणजे हेमाताईंच्या विहीणबाई, मांजरीला उसाच्या शेताकाठी राहत. त्यांनी टेम्पोतून पोतंभर गोवऱ्या धाडल्या, सोबत निरोप, 'लागल्या तर आनखी सांगा, म्हशी हायेत.' गच्चीवर पत्र्याच्या डब्यात भट्टी लागली. धूर आप्पासाहेबांच्या खिडकीतून आत गेला आणि संध्याकाळी फलकावर सूचना आली :

'गच्चीवर भाजण्याचे कोणतेही कार्य (वांगी धरून) करण्यास सक्त मनाई आहे.'

हेमाताईंनी खाली लिहिलं, 'वांगी नव्हती.'

सकाळी त्याखाली उत्तर होतं, 'म्हणूनच मनाई आहे. वांगी असती तर विचार झाला असता.'

पण तोवर काम झालं होतं. जोड्या बऱ्यापैकी साधल्या होत्या. त्या चित्रासमोर ओळीने मांडल्यावर हेमाताईंना ती कोरी जागा खटकली. एवढी सगळी पेठ कानात घालायची आणि आपलं घर नाही? उरलेल्या मातीतून त्यांनी स्वतःच्या इमारतीची एक जोडी केली. पाहायला चित्र नव्हतं, आठवणीनेच केली. तीन मजले, पुढची गॅलरी, गॅलरीचं बंद दार. ती जोडी भट्टीतून एकही तडा न जाता निघाली. इतर सगळ्या तांबड्या निघाल्या होत्या, ही जराशी सावळी. आणि एक गोष्ट त्यांना विचित्र वाटली. दार त्यांनी बंद केलं होतं, हे त्यांना पक्कं आठवत होतं. दोन्ही कानातल्यांत ते उघडं होतं.

आकार जुळतो का हे बघायला त्यांनी एक कानातलं चित्राच्या कोऱ्या जागेवर धरलं. ते असं बसलं, जणू माप घेऊन केलं होतं. त्याच क्षणी समोरच्या गिरणीचा पट्टा फटफटायचा थांबला. इतका अचानक, की कान दुखले. "वीज गेली," हेमाताई स्वतःशीच म्हणाल्या. गुरुवार होता, जाणारच. आपला पंखा डोक्यावर फिरतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी वर पाहिलं नाही.

हळदीकुंकू दणक्यात झालं. तुळजाबाईंना त्यांच्या दारासमोरची म्हणून गिरणी मिळाली. एक्सचेंजमधली मैत्रीण शालन दरवर्षी तिळगुळाला येई. बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्या वर्षापासून तिच्या घरी हळदीकुंकू नव्हतं, त्यामुळे ती कुंकवाची कोयरी हसून पुढे सरकवी आणि तिळगूळ मात्र दोनदा घेई. तिला पिंपळ मिळाला. "बोधिवृक्ष दिलास की गं!" म्हणत तिने तिथल्या तिथे कानात घातला. तालीम, घाट, सायकलचं दुकान, सगळं लुटलं गेलं. आणि सर्वांत सुबक जोडी, ती घराची, कोणाला द्यायची? अर्थातच विहीणबाईंना. मान त्यांचा.

"आगं बया, ह्ये तर तुमचंच घर!" सुंदराबाई म्हणाल्या आणि त्यांनी सोन्याच्या कुड्या काढून पिशवीत टाकल्या.

गिरणी शुक्रवारीही सुरू झाली नाही. मालकाच्या मुलांनी जागा विकली होती म्हणे. पुढच्या आठवड्यात पिंपळ तोडला, तारांना लागतो म्हणून, आणि घाटाच्या पायऱ्या नदीकाठच्या नव्या रस्त्याच्या भरावाखाली गेल्या. सायकलच्या दुकानाचं सायबर कॅफे झालं. पंक्चर काढणारा माणूस काही दिवस संगणकांसमोर उभा राही, हात पुसत, आणि मग तोही दिसेनासा झाला. तालमीचा निळा दरवाजा एका सकाळी नव्हता, दरवाजा नाही, भिंत नाही, लाल मातीचा हौदसुद्धा नाही.

यात तसं नवल नव्हतं. त्या वर्षांत पुणं असंच वागत होतं. माणूस कोथिंबीर आणायला जावा आणि परत येईपर्यंत कोपऱ्यावर काचेची इमारत उभी असावी. ओळखीचं वळण गेल्यामुळे रिक्षावाल्याला स्वतःच्याच घराचा पत्ता सांगता येऊ नये. सगळेच हळहळत आणि सगळ्यांचीच मुलं त्या काचेच्या इमारतींत नोकरीला होती, त्यामुळे हळहळ जेवणापर्यंत टिके. हेमाताईही दोनचार दिवस तशाच हळहळल्या. मग तुळजाबाई वर आल्या.

"हेमा, तुझ्या कानातल्यात गिरणी आहे."

"हो. गिरणीच केली होती मी."

"तसं नाही. चालू आहे ती."

हेमाताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. तुळजाबाईंचं वय झालं होतं, पण डोकं नारळासारखं टणक होतं.

"पट्टा फटफटतो," तुळजाबाई म्हणाल्या. "आणि मधूनच विचारतो कोणीतरी, बारीक की जाडसर?"

"मग?"

"मग काय, जाडसर म्हटलं. भाकरीचं होतं."

रंगनाथरावांनी कानाचा डॉक्टर सुचवला. डॉक्टरांनी तपासून, कानातलं काढा, असा सल्ला दिला आणि काढल्यावर आवाज थांबला, तेव्हा त्यांनी त्याचं श्रेय घेतलं. पण त्याच संध्याकाळी शालनचा फोन आला. "तुझा पिंपळ सळसळतो गं. वारा नसला तरी. कावळे घरी येतात संध्याकाळचे, तेही ऐकू येतं." मग ती म्हणाली, "तोडला ना तो? मी काही काढणार नाही हो कानातलं. कुठेतरी उभा असू दे की."

घाटाची जोडी मिळालेल्या बाईंच्या कानात कोणीतरी धुणं आपटत होतं. तालीमवालीला शड्डू ऐकू येत. शड्डू ऐकू आला की तिचे यजमान आपण होऊन भाजी चिरायला बसत, म्हणून तिची काही तक्रार नव्हती.

जे गेलं, तेच ऐकू येत होतं. हेमाताईंनी हे मनाशी जुळवायला घेतलं. जन्मभर दोन टोकं जोडून दिलेल्या बाईला ही जोडणी कळायला वेळ लागणार नव्हता. घर अजून उभं होतं. पण घर वाणात गेलं होतं.

दुसऱ्याच दिवशी महापालिकेचा माणूस टेप आणि रंगाचा डबा घेऊन आला. रस्तारुंदी. त्याने इमारतीच्या मागच्या भिंतीवर लाल रेघ मारली.

"मागच्या?" रंगनाथराव ओरडले. "अहो, रस्ता पुढे आहे!"

"हो ना. इमारत पूर्ण जाते," तो सहानुभूतीने म्हणाला. "म्हणून मागे मारली. पुढे मारून काय उपयोग?"

रंगनाथराव आणि आप्पासाहेब, जे एरवी एकमेकांना फलकावरूनच भेटत, एकत्र कचेरीत गेले. तिथल्या गृहस्थांनी टेबलावर नकाशा पसरला. घाट, तालीम, पिंपळाचा पार, सगळं त्यात होतं. मधोमध कोरी जागा होती.

"इथे काही नाही," गृहस्थ म्हणाले.

"इथे आम्ही राहतो," आप्पासाहेब म्हणाले.

"राहत असाल. नकाशात नाही."

"मग या जागी जे उभं आहे, ते काय आहे?"

"तेच आम्ही तुम्हाला विचारतोय. इमारत असल्याचा पुरावा आणा."

रंगनाथराव घरी आले ते प्रथमच कोणतीही गळती न सांगता. गॅलरीत नानांच्या खुर्चीत जाऊन बसले. पुरानंतरचा सगळा जन्म त्यांनी याच घरात काढला होता, याच गॅलरीत नानांचं डोकं मांडीवर घेऊन त्यांनी शेवटचं पाणी पाजलं होतं. त्यांनी चहाही मागितला नाही, तेव्हा हेमाताई घाबरल्या आणि तुळजाबाईंकडे गेल्या.

तुळजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "नानांनी त्याच्या आधीही एक चित्र काढलं होतं. नदीकाठचं. आमचं घर, तुझ्या सासऱ्यांचं जुनं घर, सगळं होतं. फार सुंदर. एक कोपरा राहिला होता, तो आम्हीच मागे लागून पुरा करून घेतला. जूनमध्ये पुरं झालं चित्र." त्यांनी नदीच्या दिशेला हात केला. "जुलैत पूर आला."

"आणि चित्र?"

"ते घरातच होतं ना. म्हणून दुसऱ्या वेळी त्यांनी जागा सोडली. पुरं केलं की घ्यायला येतात, म्हणत. कोण येतात ते नाही सांगितलं."

हेमाताईंनी अपुरं चित्र पुरं केलं होतं आणि वर ते हळदीकुंकू लावून वाटून टाकलं होतं.

उपाय एकच होता आणि तो अशक्य होता. वाण परत मागायचं. वाण परत मागितल्याचं पुण्याच्या पेठांत तरी कोणाच्या ऐकिवात नाही, आणि तेही विहिणीकडून! मुलाच्या आईने मुलीच्या आईकडे जाऊन म्हणायचं, मी तुम्हाला जे मानाने दिलं ते जरा परत द्या. रुपालीने ऐकलं असतं तर तिने मोबाइल बंद करून माहेर गाठलं असतं. हेमाताईंनी तिला सांगितलंच नाही. रथसप्तमीच्या सकाळी त्या एकट्या पीएमटीने मांजरीला निघाल्या. वाटेत खिडकीतून नव्या वसाहतींच्या पाट्या दिसत होत्या, त्यांवर चित्रं होती, अजून न बांधलेल्या घरांची. पुरी केलेली. हेमाताईंनी डोळे मिटून घेतले.

सुंदराबाई अंगणात ऊस सोलत होत्या. त्यांचे यजमान बाजेवर बसले होते. वर्षानुवर्षं गुऱ्हाळाच्या इंजिनाशी काढल्यामुळे त्यांना ऐकू येत नसे आणि त्यामुळे ते बोलतही नसत. सुंदराबाईंच्या कानात ती सावळी जोडी होती.

"या, ताई, या. सकाळी निघताना म्हनालात की पोहे नकोत, भूक न्हाई. म्हून मी भाकरी टाकली."

हेमाताई अंगणाच्या कडेलाच थांबल्या. हे त्या रंगनाथरावांना म्हणाल्या होत्या. स्वयंपाकघरात.

"तुम्हाला ऐकू येतं?"

"समदं. च्याचं आधान, पेपराची फडफड, भावजींचं खाकरणं." सुंदराबाईंनी ऊस खाली ठेवला. "परवा तुमी म्हनालात की विहीणबाईंच्या पिशवीला शेणाचा वास येतो. त्ये बी ऐकलं."

हेमाताईंना टेलिफोन खात्यात कधी एवढी शरम वाटली नव्हती. तिथे निदान बोलणाऱ्याला माहीत असायचं की मध्ये ऑपरेटर आहे.

"खरं हाय ते," सुंदराबाई शांतपणे म्हणाल्या. "त्याच पिशवीत मी गोवऱ्या गोळा करते की." मग त्या जवळ सरकल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "पर ताई, तुमच्याकडं आनखी कोन राहतं? म्हातारं मानूस. खुर्ची सरकवतं. दर घटकेला म्हनतं, दार लावून घ्या. आन् तुमच्यापैकी कुनीच उठत न्हाई. लई जीव तुटतो बगा."

ते म्हातारं माणूस कोण, हे हेमाताईंना विचारावं लागलं नाही. त्यांनी मग काहीच लपवलं नाही. चित्र, कोरी जागा, पूर, लाल रेघ, सगळं सांगितलं आणि शेवटी, मान खाली घालून, ते वाक्य म्हणाल्या. "विहीणबाई, मला माझं वाण परत द्या."

सुंदराबाईंनी ऊस पुन्हा उचलला आणि त्याचं एक पेर सोलून काढलं. बाजेवर यजमान उसाकडे पाहत बसले होते.

"वान परत घेत न्हाईत, ताई. तुमी शिकलेल्या. तुमाला मी काय सांगावं."

"मला माहीत आहे."

"आन् माझ्या घरात कोन बोलतं? पोरगी खराडीला. ह्ये असं. ह्ये कानात घातल्यापासनं मला वाटतं, घरात मानसं हायेत." त्यांनी कानाला हात लावला. "भांडताय तुमी. लई छान भांडताय."

हेमाताई वळल्या. पण सुंदराबाईंनी त्यांना हाताला धरून थांबवलं. आत जाऊन हळदीकुंकवाचा करंडा आणला, हेमाताईंना कुंकू लावलं, ओटीत गहू आणि ऊस घातला. मग एका कानातलं काढून त्यावर ठेवलं.

"परत देत न्हाई मी. आज रथसप्तमी हाय. ह्ये माझं वान तुमाला. एक तुमाला, एक मला. ऱ्हावू द्या अपुरं."

महापालिकेचा माणूस पुन्हा आला तो आठवड्याभरात. नकाशात दुरुस्ती झाली होती. कशी, हे त्याला माहीत नव्हतं आणि कचेरीतही कोणी सांगू शकलं नाही. त्याने मागची लाल रेघ खरवडून काढली आणि नवी मारली. ती इमारतीच्या बरोबर मधून गेली.

पुढचा अर्धा भाग पावसाळ्याआधी पाडला. प्रत्येकाचा हॉल आणि गॅलरी गेली, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली राहिली. चिरलेल्या केकसारखी इमारत रस्त्यावर उभी राहिली. उघड्या पडलेल्या भिंतीवर तिन्ही मजल्यांचे वेगवेगळे रंग लोकांना दिसू लागले, आणि आप्पासाहेबांनी आपल्याकडे गुलाबी रंग का आहे याचा खुलासा फलकावर लावला. तेवढ्यात फलकही रस्त्यात गेला.

चित्र आता स्वयंपाकघरात आहे. कोरी जागा कोरीच आहे.

रंगनाथराव आताशा सकाळी पेपर घेऊन उठतात, गॅलरीच्या दिशेने चार पावलं टाकतात आणि नव्या भिंतीपाशी थांबतात. "गळती," असं काहीतरी पुटपुटत ओट्याजवळच्या स्टुलावर येऊन बसतात. हेमाताई एका कानात सोन्याची कुडी आणि दुसऱ्या कानात मातीचं घर घालतात. रुपालीच्या ऑफिसातल्या मुलींना ती फॅशन वाटते. मांजरीहून सुंदराबाईंचा फोन येतो. "भावजींना सांगा, तिसऱ्यांदा च्या मागू नका."

आणि संध्याकाळी, नदीवरचा वारा सुटतो तेव्हा, भिंतीपलीकडे जिथे आता बस थांबते तिथे, हवेत, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, आरामखुर्ची सरकते. हेमाताई पोळी लाटता लाटता थांबतात.

"दार लावून घ्या," नाना म्हणतात.

हेमाताई पिठाचे हात पुसतात, नव्या भिंतीपाशी जातात आणि जिथे दार नाही तिथे कडी चढवल्यासारखा हात वर करतात.

"लावलं हो, नाना," त्या म्हणतात.

पलीकडे कडी वाजते.